जीव आपापल्या जबाबदारीवर ठेवावा

ऑनलाइन खेळातल्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, अनोळखी माणसांबरोबर उतरायला पुणेकराला वेगळी शिकवणी लागत नाही. संध्याकाळी सहाला कर्वे रोडवरून दुचाकी काढणाऱ्याचा निम्मा अभ्यासक्रम आधीच झालेला असतो. सिग्नलला पाच सेकंद उरली की निघायचं, डावा इंडिकेटर लावून उजवीकडे वळायचं आणि आपल्यामुळे मागे कोण कुणावर आपटलं ते बघायला मान वळवायची नाही. उरलेल्या निम्म्यासाठी हे मार्गदर्शन.

आधी लाज सोडा. तशी सोय खेळवाल्यांनीच करून दिली आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ साली आला तेव्हा पाच जण जमवायला शहराच्या चॅटमध्ये ओरडत बसावं लागे, मग डंजनच्या दारापर्यंत तंगडतोड. एवढं करून कुणी लूट ढापलीच, तर त्याचं नाव सर्व्हरभर होई. वाड्यासारखा कारभार, सकाळी नळावर भांडलात की दुपारपर्यंत आळीभर बातमी. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला. एक बटण दाबायचं, यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण वेचतं आणि थेट आत नेऊन सोडतं. अर्ध्या तासाने पाच जण पाच दिशांना. वाडा पडून तिथे बारा मजली सोसायटी उभी राहिली, लिफ्टमध्ये कोण कुणाकडे बघतो? आपली वागणूकही त्याच हिशोबाची असावी.

मग भूमिका निवडा. वॉरक्राफ्टमध्ये मार खायला एक टँक, जखमा भरायला एक हीलर आणि मारायला तीन डीपीएस. फायनल फँटसी १४ या तशाच दुसऱ्या खेळात चौघंच, त्यात डीपीएस दोन. मारायला सगळ्यांनाच आवडतं, मार खायला कुणालाच नाही. त्यामुळे डीपीएसची रांग अंगारकीला दगडूशेठसमोर लागते तशी, आणि टँकला मागच्या दाराने प्रवेश. तेव्हा टँक म्हणूनच नाव घाला. काम येत नसेल तर नक्कीच घाला. येणाऱ्यांना रांगेत उभं राहायची सवय असते.

वेळ साधणं महत्त्वाचं. फायनल फँटसी १४ चं रोजचं रूलेट, म्हणजे डंजन यंत्राला निवडू द्यायचं आणि जादा बक्षीस घ्यायचं, आपल्याकडे रात्री ८:३० ला नव्याने सुरू होतं, म्हणजे नेमकी पानं घेतली जातात तेव्हा. आठवड्याचा हिशोब कोरा होतो मंगळवारी दुपारी १:३० ला. ही वेळ एक ते चारमध्ये येत असल्याने ती मनावर घेऊ नये. वॉरक्राफ्टच्या युरोपीय सर्व्हरवर गर्दी तिथल्या रात्री आठला होते, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. सगळ्यात उत्तम मुहूर्त मात्र गुरुवार सकाळचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, राउटर मान टाकतो आणि तुमचा वीर शेवटच्या बॉससमोर, म्हणजे डंजनच्या सर्वांत दांडग्या राक्षसासमोर, पुतळ्यासारखा उभा राहतो. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. तो घेऊ नका. मग सबब काय सांगाल?

सबबींवरून पिंग आठवला, म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. या दोन्ही खेळांचे सर्व्हर भारतात नाहीत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, त्यामुळे पुण्याहून युरोपला जाऊन यायला सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद सहज लागतात. जमिनीवर धोक्याचं नारिंगी वर्तुळ उमटतं, तुम्ही त्यातून बाहेर पडता, ज्वाळा मागाहून येते आणि तरीही तुम्ही भाजता. कारण तुम्ही आत की बाहेर हा निकाल बॉसची कास्टची पट्टी (त्याचा मंत्र किती पुरा झाला ते दाखवणारी) भरते त्या क्षणी सर्व्हरवर लागतो. ज्वाळा ही नंतरची रोषणाई. म्हणजे पट्टी पाव शिल्लक असतानाच निघायला हवं. हे कळलं तरी कुणाला कळू देऊ नका. वर्तुळात ठाण मांडून उभे राहा, मेलात की "लॅग" एवढंच टाइप करा. हीलर गप्प बसतो.

आता मुख्य काम. दार उघडलं की पळत सुटा. नमस्कार-चमत्कार नको, बाकीचे तिघं-चौघं लोड झाले का तेही बघू नका. प्रत्येक राक्षसाकडे एक खातेवही असते, कुणी आपल्याला किती दुखावलं याची. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त, त्याच्यामागे तो लागतो. यालाच ॲग्रो म्हणतात. टँकचा एक स्टान्स, म्हणजे पवित्रा, असतो, फायनल फँटसीतल्या पॅलाडिन नावाच्या टँकचा आयर्न विल घ्या; तो चालू असला की तुमच्या प्रत्येक घावाची नोंद कित्येक पट मोठी होते. तो चालू करू नका. शिवाय त्या वहीत हीलरचं नावही चढतं, कारण कुणालाही बरं करणं हा राक्षसांच्या लेखी अपराधच. तुम्ही तीन टोळक्यांच्या मधून एकही घाव न घालता धावत गेलात आणि हीलरने तुम्हाला एकदा जरी हील दिली, की वहीत त्या बिचाऱ्याचं एकट्याचं नाव उरतं. बारा जण वळून त्याच्याकडे धावतात. तो तुमच्याकडे पळत येतो, त्याला वाटतं तुम्ही वाचवाल. तुम्ही चौथं टोळकं आणायला गेलेले असता.

एक बारकावा सांगतो, तो नीट समजून मग चुकवा. धनुर्धारी आणि मंत्र टाकणारे राक्षस टँकच्या मागे धावत नाहीत, जागेवरूनच मारतात. त्यांना जवळ आणायचं तर भिंतीआड जावं लागतं. नजर तुटली की नेम धरायला ते आपल्या पायांनी कोपऱ्यापर्यंत येतात आणि सगळे एका ढिगात सापडतात. पण जी भिंत त्यांची नजर तोडते तीच हीलरचीही तोडते. म्हणून शहाणा टँक हीलर वळणाच्या अलीकडे आला की मगच वळतो. तुम्ही आधी वळा. हीलरच्या पडद्यावर लाल अक्षरांत येतं की लक्ष्य नजरेत नाही, तुमची जीवनपट्टी साठ, पस्तीस, नऊ अशी उतरते आणि तुम्ही आडवे होता. पडल्या पडल्या लिहायचं वाक्य ठरलेलं आहे: "हील??" प्रश्नचिन्हं दोन. एक घातलं तर खरोखरच विचारताय असं वाटतं.

वॉरक्राफ्टमध्ये हीलरचा माना, म्हणजे मंत्रशक्ती, संपला की तो खाली बसून पाणी पितो, वीसेक सेकंद लागतात. ही तुमची निघायची खूण. एसटी कशी, प्रवासी रसवंतीत शिरला की सुटते.

बॉस ड्रॅगन असेल तर त्याचं तोंड गटाकडे वळवून उभं करा, म्हणजे फूत्काराचा प्रसाद सर्वांना सारखा. तोंड भिंतीकडे केलं तर बाकीच्यांनी बाजूला उभं राहावं लागतं, मागे शेपटी फटकारते म्हणून. इतकी भूमिती कोण शिकवत बसणार!

टँकचा कंटाळा आला आणि डीपीएस झालातच, तर कामं हलकी आहेत. हंटर, म्हणजे शिकारी, असाल तर पाळलेल्या प्राण्याचं ग्रोल, म्हणजे राक्षसाला स्वतःकडे ओढणारी गुरगुर, चालू राहू द्या, म्हणजे बॉस टँक आणि तुमचं अस्वल यांच्यात टेबल टेनिससारखा फिरेल. टँकने जीव तोडून गोळा केलेला ढीग एका वादळी फुंकरीने चारी दिशांना उडवता येतो, तेही करा. मागे उभा राहून इतरांना बरं करणारा राक्षस असतो, त्याचा मंत्र मधेच तोडायचं बटण तुमच्याकडेही असतं. ते दुसरा कुणीतरी दाबेल. तिघंही असंच समजतात, त्यामुळे तो राक्षस दीर्घायुषी होतो. शेवटी कुणी किती मारलं याचा तक्ता चॅटमध्ये डकवा, तुमचं नाव वर असेल तरच.

लूटीच्या वेळी नीड (गरज आहे), ग्रीड (मिळालं तर हवं) आणि पास (नको) असे तीन पर्याय येतात. पंगतीत जिलबीचं ताट फिरतं तेव्हा आपण काय करतो? तेच. वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपात, क्लासिकमध्ये, तर अंगाला न येणाऱ्या चिलखतावरही नीड मारता येतो. कुणी विचारलंच तर "दुसऱ्या कॅरेक्टरसाठी" म्हणावं. पाहुण्यांसाठी पिशवीत भरून नेतो म्हणतात त्यातला प्रकार.

गटात कुणी पहिल्यांदाच आला असेल तर फायनल फँटसी तशी सूचना दाखवतो, आणि तो खेळातच नवा असेल तर त्याच्या नावाशी हिरवा कोंबही असतो. "पहिला बॉस मागे ढकलतो, भिंतीला पाठ लावून उभा राहा" एवढ्या एका ओळीत काम होतं आणि पुढची पंधरा मिनिटं वाचतात. ती ओळ लिहू नका. तो मरेपर्यंत थांबा, मग पुणेरी पद्धतीने, पूर्ण आदर राखून विचारा: "आपण हा खेळ स्वतः विकत घेतलात की कुणी अहेर केला?" त्यानंतर त्याला काढायचं मतदान सुरू करा. लढाई चालू असताना किंवा लूटीचे फासे पडत असताना ते करता येत नाही, एवढं भान ठेवा.

वॉरक्राफ्टमध्ये २०१६ पासून मिथिक प्लस आहे, म्हणजे घड्याळ लावून खेळायची अवघड डंजनं; तिथे यंत्र गट लावून देत नाही. किल्लीचा, म्हणजे त्या डंजनच्या परवान्याचा, मालक अर्ज तपासतो. आयटीवाला हवा, कुटुंब हवं, गिटार नको, अशा चौकश्या करून भाडेकरू निवडणारे घरमालक आठवतील. तिथे घड्याळ चालू असतं आणि कुणी मधेच निघून गेलं तर बदली माणूस घेता येत नाही. वेळ हुकली की मालकाची किल्ली सहसा एक पायरी खाली उतरते. त्यामुळे निघून जायची खरी मजा तिथेच. पहिल्या मरणाला, "सॉरी, दार वाजलं" म्हणून.

साध्या डंजनमधून पळालात तर दोन्ही खेळ तुम्हाला ३० मिनिटं रांगेबाहेर ठेवतात. बेत उलट सोयीचा आहे. साडेआठला वाढलेलं ताट अजून झाकून ठेवलेलं असतं, आमटी गार झाली असेल तर गरम करून घ्या. हात धुऊन परत बसलात की या वेळी हीलर म्हणून नाव घाला, आणि दार उघडल्या उघडल्या कोण पळत सुटतंय ते बघा.