जुन्या थडग्यांवर ब्लीच ओतू नका

अमेरिकेतल्या इलिनॉय-आयोवाकडच्या खेड्यापाड्यांत, मक्याच्या शेतांच्या मधोमध, पहिल्या वसाहतकऱ्यांच्या छोट्या दफनभूमी आहेत. बऱ्याच दफनभूमींना आता कुणी वाली नाही. सुट्टीच्या दिवशी जमणारे स्वयंसेवकच त्यांची निगा राखतात. त्यांच्यासाठी म्हणून एक मजकूर सध्या फिरतोय, इथल्या मराठी ग्रुपांवरही आला: ‘ब्लीच, तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर घ्या, पुसट अक्षरांवर शेव्हिंग क्रीम फासा, कललेल्या शिळा सिमेंटमध्ये पक्क्या करा, गवत साफ भादरा. एका दुपारी दफनभूमी नवी!’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण यातला एकही उपाय करण्याजोगा नाही.

आधी ब्लीच. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी शिळा संगमरवराच्या आहेत. ब्लीचमधले क्षार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी उडून गेलं की त्यांचे स्फटिक होतात आणि ते पृष्ठभाग आतून फोडतात. फोटोत शिळा शुभ्र दिसते. पुढे तीच पिवळट पडते आणि बोट फिरवलं तर साखरेसारखे दाणे हाताला लागतात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या लुइझियानातल्या संवर्धन केंद्राने लष्करी शिळांवर निरनिराळे क्लीनर तपासून पाहिले. ब्लीच वापरू नका, असंच ते सांगतात. व्हिनेगर आणि लिंबू तर त्याहून घातक, कारण आम्लात संगमरवर चक्क विरघळतो.

तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर यांच्याबद्दल फार लिहायला नको. दीडशे वर्षांच्या पावसाने आधीच मऊ पडलेली अक्षरं ही अवजारं दोन मिनिटांत उडवतात. आपल्याकडे वीरगळांवर ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना चांगल्या हेतूने झालेलं नुकसान कसं असतं ते माहीत आहे.

मग करायचं काय? शिळा आधी भरपूर पाण्याने भिजवा. दगडफूल लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सोडवा. मऊ ब्रशने खालून वर घासत जा, म्हणजे मळकट ओघळांचे डाग पडत नाहीत. शेवाळासाठी डी/२ नावाचं द्रावण मिळतं. ते लावून निघून यायचं, पुढचे काही आठवडे-महिने ऊन-पावसात दगड आपोआप उजळतो. ‘एका दुपारी’ हे काम होत नाही, आणि होऊही नये.

शेव्हिंग क्रीममध्ये स्टिअरिक आम्ल असतं आणि धुतल्यावरही ते छिद्रांत उरतं. अक्षरं वाचायला आरसा पुरतो. शिळेच्या बाजूला उभं राहून ऊन तिरकं पाडलं, की कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर आधी कोकराची आकृती दिसते (लहान मुलाची शिळा!), मग नाव, मग वय.

सिमेंटचा सल्लाही चुकीचा. पोर्टलंड सिमेंट जुन्या दगडापेक्षा कठीण असतं. हिवाळ्यात पाणी गोठून फुगलं की सिमेंट जागचं हलत नाही आणि शिळा त्याच्या कडेशी मोडते. पातळ उभ्या शिळा मुळात मातीतच रोवलेल्या असत. खड्ड्यात खडी-वाळू ठासून ओळंब्यात उभ्या कराव्यात. मोडलेले तुकडे जाणकाराकडूनच जोडून घ्यावेत.

गवताचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी, म्हणजे उंच गवताची मूळ कुरणं, होती. १८३७ साली जॉन डिअरने पोलादी नांगर केला आणि ती नांगरली गेली. अस्सल प्रेअरी आज उरली आहे जेमतेम २,५०० एकरांच्या आसपास. रेल्वेच्या कडा आणि दफनभूमी यांना नांगर लागला नाही, म्हणून ती तिथे टिकली. मॅकलीन काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) वेस्टन दफनभूमी अशीच एक, जेमतेम पाच एकरांची. तिथलं उंच गवत पाहून कुणाला दुर्लक्ष वाटेल, पण ते त्या वसाहतकऱ्यांनी येऊन पाहिलेल्या गवताचेच वंशज आहे. शिवाय गवत कापायच्या ट्रिमरची फिरती दोरी शिळांच्या पायथ्याशी व्रण पाडते ते वेगळंच. शिळेलगतचं गवत हाताने कापा.

आणि कशालाही हात लावण्याआधी टाउनशिपच्या (काउंटीतल्या स्थानिक कारभाराच्या) ट्रस्टींना किंवा काउंटीला विचारा: जागा राखीव प्रेअरी आहे का, शिळांवर वंशजांचा हक्क आहे का. परवानगी लेखी घ्या, आणि प्रत्येक शिळेचा फोटो काम सुरू करण्याआधी काढा.