छातीवरचा कीलॉइड कापला का नाही? मालवणच्या दवाखान्यातून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. इंजेक्शनांवर इंजेक्शनं देऊन पैसे काढले, नणंदेच्या कानाचा कीलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणातून वाढलेली घट्ट गाठ, मुंबईत कापून गेली, मग माझी छातीवरची का नाही कापली, असा तुमचा सवाल आहे. तुमचा केसपेपर इथे उघडणार नाही. पण प्रश्न रास्त आहे आणि बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कानाच्या पाळीवर कातडीला ताण नसतो, शिवाय कापल्यावर दाब देणारी क्लिप लावता येते. छातीवर नुसता हात उचलला तरी कातडी ओढली जाते. तिथला कीलॉइड नुसता कापला तर बहुतेकदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. कापल्यावर एक-दोन दिवसांत रेडिएशन सुरू केलं तर ही शक्यता बरीच घटते, पण ती सोय माझ्याकडे नाही. ती नसताना तुमच्या छातीवर मी सुरी लावणार नाही.

ट्रायअ‍ॅमसिनोलोनचं, म्हणजे गाठीत द्यायच्या स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखतं, हे खरंच आहे. गाठ इतकी घट्ट असते की सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने रेटावा लागतो. बधिर करायचं औषध मिसळूनही सुरुवातीला डोळ्यांत पाणी येतं. चार ते सहा आठवड्यांनी एक, असं द्यावं लागतं. आधी खाज आणि ठणक उतरते, मग गाठ मऊ पडते, सपाट व्हायला महिने लागतात. एकदम जास्त औषध भरलं तर कातडी पातळ आणि पांढुरकी होते, म्हणून मी घाई करत नाही. गोठवून जाळण्यातही सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहायची भीती असते.

मेडिकलमधली सिलिकॉनची पट्टी स्वस्तात पडली असती, असंही तुम्ही लिहिलंत. काजूच्या टरफलाच्या तेलाने भाजून व्रण फुगलेल्या बायकांना मी तीच देते. तो व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात आपणहून बसतो. कीलॉइड हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरतो, त्याला एकटी पट्टी पुरत नाही. त्यात ती दिवसाचे निदान बारा तास चिकटून राहायला हवी. आपल्याकडच्या मे महिन्यात ती घामाने सुटते आणि खाली घामोळं उठतं.

मुंबईचे डॉक्टर कापून लगेच रेडिएशन द्यायला तयार असतील तर त्यांची चिठ्ठी घेऊन या. आतापर्यंत दिलेल्या औषधाचा सगळा हिशेब मी लिहून देईन. तोवर पुढचं इंजेक्शन चुकवू नका, मधेच सोडलं तर गाठ पुन्हा वाढू शकते.