पीट हॅमचा जीव कुठल्याही ‘27 च्या शापा’नं घेतला नाही

पीट हॅमबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. वेल्सचा हा गायक बीटल्सच्या आधारानं वर आला, त्याच्या ‘बॅडफिंगर’ बँडचं एकमेव गाजलेलं गाणं बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीनं लिहून दिलं होतं, पुढे अपयश पचलं नाही आणि ‘27 च्या शापा’नं, म्हणजे गाजलेले संगीतकार 27 व्या वर्षी मरतात या समजुतीतल्या शापानं, त्याला गाठलं, असा त्याचा सारांश. यातलं बहुतेक सगळं खोटं आहे. शेवटचं तर मेलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे.

मॅकार्टनीचं गाणं होतं ‘कम अँड गेट इट’, हे खरं. पण ‘नो मॅटर व्हॉट’, ‘डे आफ्टर डे’ आणि ‘बेबी ब्लू’ ही तिन्ही हॅमची स्वतःची. त्यातली पहिली दोन अमेरिकेत पहिल्या दहात गेली. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीनं 1968 मध्ये करार केला, त्याआधीपासूनच ही पोरं ‘द आयव्हीज’ या नावानं वाजवत होती. ते नाव वेल्समधल्या स्वान्सी शहरातल्या एका रस्त्याचं.

आधाराची गोष्ट निघालीच आहे तर 1 ऑगस्ट 1971 आठवा. रविशंकरांच्या विनंतीवरून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननं न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशसाठी मैफल भरवली. मंचावर एरिक क्लॅप्टनसारखा नावाजलेला गिटारवादक होता, तरी ‘हिअर कम्स द सन’ला गिटारच्या साथीला हॅरिसननं हॅमलाच घेतलं. नुसत्या नकलाकाराला असा मान कोण देतं?

‘विदाउट यू’ हे हॅरी नील्सनचं किंवा मराया कॅरीचं गाणं आहे, असंही त्या मजकुरात बिनदिक्कत लिहिलेलं असतं. कडवी हॅमची, ध्रुवपद त्याचा सोबती टॉम एव्हान्सचं. दोघांकडे एकेक अर्धवट गाणं होतं, ते जोडून बॅडफिंगरच्या 1970 च्या ‘नो डाइस’ या अल्बममध्ये आलं. नील्सननं 1972 मध्ये ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर नेलं, कॅरीनं 1994 मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा. त्यांच्या गळ्याला दाद द्यायलाच हवी. पण 1973 मध्ये गीतलेखनासाठीचा ब्रिटनमधला आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला तो हॅम आणि एव्हान्सला, गाणं लिहिल्याबद्दल.

शापाचं थोडक्यात सांगतो. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरलेल्या अल्बमांच्या 1,046 संगीतकारांचा अभ्यास आला. विशीतिशीत त्यांना धोका जास्त दिसला, पण 27 व्या वर्षी मृत्यूंची वेगळी लाट नव्हती.

राहिलं अपयश. ज्याची गाणी जगभर वाजत होती, त्याच्या हाती पैसा का नव्हता, हा खरा प्रश्न. बँडचा सगळा व्यवहार स्टॅन पॉली या अमेरिकन व्यवस्थापकाच्या हाती होता. कमाई त्याच्या ताब्यातल्या कंपनीत जमा व्हायची आणि पोरांना ठरावीक पगार मिळायचा. वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीनं दिलेल्या आगाऊ रकमेतल्या ठेवीचा हिशेब लागेना, तेव्हा 1974 च्या अखेरीस प्रकरण कोर्टात गेलं. नुकताच आलेला ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम वॉर्नरनं दुकानांतून काढून घेतला. लोकांनी तो नाकारला म्हणून नव्हे, तर या भांडणामुळे. पगार थांबले. हॅमच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं आणि घरात बाळाची चाहूल. 24 एप्रिल 1975 रोजी, अठ्ठावीस पूर्ण व्हायला तीन दिवस असताना, त्यानं जीवन संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यानं पॉलीचं नाव घेऊन त्याला दोष दिला होता. मुलगी त्यानंतर महिनाभरानं जन्मली.

एवढं सगळं नोंदलेलं असताना ‘शाप’ म्हटलं की करार कुणी लिहिले आणि पैसा कुणाकडे गेला, हे विचारायचीच गरज उरत नाही. म्हणून मला त्या मजकुराचा राग येतो. एव्हान्सनंही 1983 मध्ये तोच मार्ग धरला. त्याआधी ‘विदाउट यू’च्या मानधनावरून बँडमधल्याच लोकांत वाद पेटला होता. तेव्हा तो 36 वर्षांचा होता. त्याच्यासाठी कुठल्या आकड्याचा शाप शोधणार?