सवाष्ण कोट्यातून राजीनामा

सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, काय गं, कोणाशी वाजलं का तुझं? कोणाशीच नाही. एकदाच इथे लिहिते म्हणजे परत परत सांगायला नको.

विषय संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. आमच्याकडे ते क्लबहाऊसमध्ये होतं, रथसप्तमीच्या आतला शनिवार बघून. वर्गणी, काळ्या साड्या, नव्या सुनांना हलव्याचे दागिने, रील्स, सगळं. यंदा यादी करताना चौथ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव कोणी घेतलंच नाही. काका दिवाळीच्या आधी गेले. मी नाव घेतलं तर सगळ्या गप्प, मग एक वहिनी अगदी प्रेमानं म्हणाल्या, "अगं त्यांनाच वाईट वाटेल ना, कशाला उगीच." झालं. अपशकुन वगैरे शब्द कोणी काढला नाही, सगळ्या शिकलेल्या, दोघी तर बँकेत आहेत. भांडावं असं कोणी काही बोलतच नाही, हाच तर वैताग.

मी रेटलं तेव्हा तोडगा निघाला, 'सर्व महिलांसाठी तिळगूळ समारंभ' म्हणायचं. काकू आल्या. एक नववी-दहावीतली पोरगी करंडा घेऊन ओळीनं येत होती, हळद, कुंकू, पुढची, हळद, कुंकू, काकूंपाशी आली आणि हात अर्ध्यात थांबला, तिनं आईकडे बघितलं, आईनं डोळ्यानंच खुणावलं, पोरीनं करंडा मागे घेऊन तिळगुळाची वाटी पुढे केली. गजरा दिला काकूंना, पण हातात. बाकीच्यांच्या केसात माळला. त्या पोरीला आधी कोणी काही शिकवलं नसेल, तिथेच उभ्या उभ्या शिकली.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. आमच्या ग्रुपवर ती बातमी फिरली होती, टाळ्यांचे इमोजी पडले होते. खेड्यातल्या बायकांसाठी हो! आमच्यात बांगड्या कोणी फोडत नाही म्हणून आपल्यात हे नाहीच असं आम्ही धरून चाललोय. हेरवाडच्या लोकांना निदान बांगड्या फुटताना दिसत तरी होत्या, म्हणून ठराव तरी करता आला. "त्यांनाच वाईट वाटेल" याच्या विरोधात कुठल्या ग्रामसभेत हात वर करायचा?

आणि मी काकूंसाठी बाहेर पडले असं कृपा करून समजू नका. काकू तर माझ्यावरच चिडल्यात, "माझ्या नावानं तमाशा नको, मला तो प्लॅस्टिकचा डबा नकोच होता." बरोबर आहे त्यांचं. मी बाहेर पडले ती माझ्यासाठी. तिथे मला ओवाळतात, ओटी भरतात, अत्तर लावतात, ते कशासाठी? मी केलेल्या एकाही गोष्टीसाठी नाही. नवरा जिवंत आहे एवढंच माझं क्वालिफिकेशन. त्याचा ईसीजी नॉर्मल तोवर माझ्या कपाळाला मान. मध्यंतरी त्याची अँजिओप्लास्टी झाली, मी आयसीयूबाहेर कॅशलेसचं काय झालं म्हणून फोनाफोनी करत होते, तेव्हा मंडळातली एक म्हणाली, "तुझं कुंकू बळकट आहे गं, काही होणार नाही." चांगल्या मनानं म्हणाली, मान्य. पण म्हणजे काकूंचं कच्चं होतं का? काकूंनी चार वर्षं डायलिसिसला नेलं-आणलं त्या माणसाला, आठवड्यातनं तीनदा.

तोटा झालाय, नाही म्हणत नाही. भिशी गेली. संध्याकाळी खाली गेलं की सरकून जागा करतात पण विषय बदलतात. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर मुरुडनं सरळ बहिष्कार टाकला, पुढे १९५८ ला भारतरत्न मिळालं. मला बहिष्कारही नाही आणि भारतरत्नही नाही, फक्त टँकर कधी येणार ते सगळ्यात शेवटी कळतं!

कुंकू लावायचं सोडलंस का, असं परवा सासूबाईंनी विचारलं. नाही, लावते की. टिकली मला आवडते, नवऱ्याच्या आधीपासून आवडते.

पुढच्या संक्रांतीला घरीच तिळगूळ ठेवणार आहे. करंडा टेबलावर असेल, ज्याला लावायचंय त्यानं लावा, भावोजींनी लावलं तरी चालेल. वाण मिळणार नाही, उलट माझ्याकडचे जुने डबे कोणाला हवे असतील तर घेऊन जा.