सोळावा लुई आणि माझी झोप

गेल्या अकरा रात्री फ्रान्सचा राजा सोळावा लुई केवळ माझ्या झोपेच्या कृपेने जिवंत राहिला आहे. २१ जानेवारी १७९३ रोजी पॅरिसच्या भर चौकात गिलोटिनने त्याचा शिरच्छेद झाला, हे शाळेच्या पुस्तकात होते आणि ते मला ठाऊकही आहे. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीवर जाडजूड ग्रंथ लिहिलेल्या एका लेखिकेची जी दोन तासांची मुलाखत मी ऐकते आहे, तिच्यात मी अद्याप त्या चौकापर्यंत पोचलेले नाही. रात्री दिवा मालवून, कानात इयरफोन खुपसून मी मोठ्या निर्धाराने ऐकू लागते. बॅस्टिलचा तुरुंग फुटतो, आत अवघे सात कैदी सापडतात, त्यांतले चार तर साधे बनावट कागदपत्रे करणारे भामटे निघतात, मुलाखतकार हसतो, लेखिकाबाई हसतात आणि त्या हसण्याच्या सुमारास माझा डोळा लागतो. सकाळी पाहावे, तर मुलाखत कधीच संपून मोबाइल आपल्या मनाने पुढच्या तीन भागांतून मजल दरमजल करत कांस्ययुगात जाऊन पोचलेला असतो.

कुशीवर झोपण्याची सवय असल्यामुळे उशीत दबणारा एक इयरफोन मी काढून माझ्या आणि नवऱ्याच्या उशीच्या सीमेवर ठेवते, त्यामुळे अर्धी क्रांती माझ्या कानात आणि अर्धी वाऱ्यावर अशी वाटणी होते. झोप नेमकी कोणत्या वाक्याला लागली हे आठवत नसल्याने दुसऱ्या रात्री पुन्हा बॅस्टिलपासून सुरुवात करावी लागते. ब्रिटनने १७५२ साली कॅलेंडर सुधारताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडू दिला आणि मधले अकरा दिवस गिळून टाकले. मी मात्र बॅस्टिल पडल्याच्या १४ जुलै १७८९ या एकाच दिवसाला अकरा वेळा उजाडायला लावले आहे.

इतिहासाचे पॉडकास्ट ऐकणाऱ्यांत अनेक पंथ आहेत. अमेरिकेतील डॅन कार्लिन या गृहस्थांसारखा एकच निवेदक चार-चार तास एकहाती किल्ला लढवतो, त्याला वाहून घेतलेला एक पंथ आहे. बीबीसी रेडिओवर मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून तीन-तीन प्राध्यापकांना एका टेबलाभोवती बसवून पाऊण तासात विषय उरकण्याची जी शिस्त लावली, तिचे भक्त निराळे. दोन मित्र गप्पा मारता मारता अख्खे रोमन साम्राज्य बुडवतात, तोही प्रकार लोकप्रिय आहे. माझे व्यसन याहून चिवट आहे. मला एकच पुस्तक, त्याचा एकच लेखक, समोर ते पुस्तक खरोखर वाचलेला एकच मुलाखतकार आणि दोघांनाही घरी जाण्याची अजिबात घाई नाही, असा योग लागतो. ‘द सीन अँड द अनसीन’मध्ये अमित वर्मा पाहुण्याला कित्येक तास बोलते ठेवतात, भागाची लांबी पाहून लोक दचकतात, माझ्या मात्र जिवाला बरे वाटते. (पॉडकास्ट हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने २००४ साली एका लेखात सुचवला. त्यात ज्या आयपॉडचे नाव दडले आहे, तो २०२२ साली बंद झाला आणि शब्द तेवढा उरला. संस्थान खालसा झाल्यावर किताब मागे राहतो, त्यातलाच हा प्रकार.)

या व्यसनाचे मूळ एका वाक्यात आहे. पुस्तकात लेखक परीटघडीच्या कपड्यांत वावरतो. ‘असे मानण्यास जागा आहे’ असे म्हणून तो हळूच तळटिपेच्या आडोशाला जातो. मुलाखतीला तास उलटला की मात्र त्याच्या बाह्या वर सरकतात, आवाज जरा खाली येतो आणि तो म्हणतो, ‘हे मी पुस्तकात घेतलेले नाही, पण…’ या ‘पण’नंतर मला जागेवरून हलवण्याची ताकद जगातील कोणत्याही कर्तव्यात नाही. या ‘पण’पायी माझ्या हातून दूध उतू गेले आहे, मी बसचा थांबा चुकवून आगारापर्यंत गेले आहे आणि एका शोकसभेत, लेखकाला अकरा वर्षांच्या शोधानंतर सापडलेला हिशेब त्याच्याच प्रबंधातली बेरीज चुकीची ठरवणारा निघाला हे ऐकून, मोठ्याने हसलेही आहे. इयरफोन केसांखाली दिसत नाही, ही सोय शोकसभेत फार महागात पडते.

त्यातही लेखक दप्तरखान्याविषयी बोलू लागला की मी वेडी होते. तिथे पेन नेता येत नाही, पेन्सिलच लागते. पिशवी बाहेर कपाटात ठेवावी लागते. मग कुणी तरी जुन्या कागदांचा रुमालात बांधलेला गठ्ठा आणून समोर ठेवतो आणि त्याची गाठ कित्येक वर्षांत प्रथमच सुटते. ईस्ट इंडिया कंपनी आणि तिच्यामागून आलेले इंडिया ऑफिस यांची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर बसली आहेत, हे मी सकाळच्या फेरफटक्यात ऐकले. मी रोज तीन किलोमीटर चालते आणि तेवढ्यानेच गुडघे तक्रार करतात. फळी संपायला अजून अकरा किलोमीटर उरले आहेत या विचाराने मी त्या दिवशी कठड्यावर बसून घेतले. कैरोच्या बेन एझरा सिनेगॉगची गोष्ट तर मी चार निरनिराळ्या लेखकांच्या तोंडून ऐकली आहे. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या श्रद्धेने तिथल्या ज्यू समाजाने शतकानुशतके जुने कागद एका कोठीत टाकले. त्यांत पवित्र ग्रंथांबरोबर करारमदार, याद्या आणि खाजगी पत्रेही जमत गेली आणि असे लाखो तुकडे साठले. त्यांतला मोठा भाग पुढे केंब्रिज विद्यापीठात गेला. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणारा अब्राहम बेन यिजू हा माणूस आज आपल्याला माहीत आहे, तो या कोठीमुळे. मीही कागद टाकून देत नाही. माझ्या कोठीला घरात पसारा म्हणतात आणि तिच्याकडे अद्याप केंब्रिजहून कोणी फिरकलेले नाही.

ऐकणे हे सुख आहे. ऐकलेले लक्षात ठेवणे ही सक्तमजुरी आहे. कान मोकळे असतात तेव्हा हात हमखास ओले असतात, त्यामुळे टिपण काढायचे ते साबणाच्या बोटाने मोबाइलवर आणि एकाच शब्दात. माझ्या टिपणवहीत सध्या पुढील मौल्यवान नोंदी आहेत: ‘५२:१७ मीठ!’, ‘गाढव, पण का?’, ‘हे अत्यंत महत्त्वाचे’ (कोणते ते लिहिलेले नाही) आणि ‘खिडकीवाले तिघे’. यांपैकी शेवटच्या नोंदीचा छडा तेवढा लागला. प्रागमध्ये २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी आणि त्यांचा एक चिटणीस यांना किल्ल्याच्या खिडकीतून सुमारे ७० फूट खाली फेकून दिले आणि तिघेही जगले. कॅथलिक म्हणाले, साक्षात मेरीमातेने झेलले. प्रोटेस्टंट म्हणाले, खाली शेणाचा उकिरडा होता. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले त्याची ठिणगी हीच. परंतु माझा जीव त्या चिटणिसावर जडला आहे. त्या बिचाऱ्याला पुढे सरदारकी मिळाली आणि किताब मिळाला तो ‘फॉन होहेनफाल’, म्हणजे साधारणपणे ‘उंचावरून पडलेला’.

हा किस्सा मी जेवताना घरच्यांना सांगायला घेतला. प्रथम मला शहर आठवेना. मग साल आठवेना. चिटणिसाचे नाव फॅब्रिशियस, हे मला दोन दिवसांनी दात घासताना आठवले. दरम्यान मी सांगितलेला किस्सा असा झाला होता: ‘एका ठिकाणी, फार पूर्वी, काही लोकांनी काही लोकांना खिडकीतून टाकले, आणि त्यांना काही झाले नाही.’ मुलीने मान वर न करता विचारले, ‘मग आई, यात इतिहास कुठे आहे?’

याहून वाईट अवस्था ट्यूलिपने केली. हॉलंडमध्ये १६३७ साली ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले आणि उमरावापासून धुराडी साफ करणाऱ्यापर्यंत सारा देश धुळीस मिळाला, ही कथा मी एका मुलाखतीत ऐकली आणि पुढे दोन वर्षे कार्यालयातील प्रत्येक बैठकीत, गुंतवणुकीचा विषय निघो वा न निघो, सांगत राहिले. लोक गंभीर होत. एका सहकाऱ्याने तर मला ऐकून आपले शेअर विकले. त्यानंतर दुसऱ्या एका मुलाखतीत कळले की अ‍ॅन गोल्डगार नावाच्या इतिहासकार बाईंनी अ‍ॅमस्टरडॅम, हार्लेम येथील दप्तरे प्रत्यक्ष चाळली, तेव्हा कंदांपायी देशोधडीला लागलेला माणूस काही त्यांना सापडेना. ती रंगतदार कथा मुख्यतः चार्ल्स मॅके या लेखकाने १८४१ साली, म्हणजे घटनेनंतर दोनशे वर्षांनी, लोकांच्या गळी उतरवली होती. इतिहासकाराला नवा पुरावा मिळाला की तो सुधारित आवृत्ती काढतो. मी ती कुठे काढू? विकलेले शेअर दरम्यान बरेच चढले आहेत आणि तो सहकारी आता मला लिफ्टमध्ये भेटला की मजल्याच्या आकड्यांकडे पाहत राहतो.

वेळ वाचावा म्हणून मी दीडपट वेगाने ऐकते. त्यामुळे ‘शंभर वर्षांचे युद्ध’, जे वस्तुतः १३३७ ते १४५३ असे ११६ वर्षे रेंगाळले, माझ्यापुरते ७७ वर्षांत आटोपते आणि निदान नावापेक्षा जास्त चालल्याचा दोष त्याच्याकडे राहत नाही. जाहिराती मात्र कोणत्याही वेगाने लांबच वाटतात. लेखक सांगतो, ‘मी मोहोर फोडली, पत्र उघडले आणि पहिल्याच ओळीत…’. तेवढ्यात मुलाखतकार तितक्याच भारावलेल्या आवाजात गाद्यांचे गुण गाऊ लागतो. झोपाळू श्रोत्याला ऐन रहस्याच्या क्षणी गादी दाखवणे हे मला तरी सभ्यपणाचे वाटत नाही.

सर्वांत घातक असतो शेवटचा प्रश्न: ‘आमच्या श्रोत्यांनी आणखी कोणती पुस्तके वाचावीत?’ लेखक उदार मनाने तीन नावे सांगतो. त्या तिघांच्याही मुलाखती कुठे ना कुठे झालेल्या असतात आणि तेही प्रत्येकी तीन नावे सांगतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट ज्याने रचली, त्याला आपल्या पुस्तकांच्या कपाटावरून ती सुचली असणार. शिवाय नावे केवळ कानावर पडलेली असतात, त्यामुळे पोलिश इतिहासकाराचे आडनाव मी पुस्तकविक्रेत्याला सहा निरनिराळ्या उच्चारांत सांगते आणि तो मला शांतपणे पाककृतींच्या विभागाकडे पाठवतो. एवढ्या सायासांनी आणलेली पुस्तके मी वाचते का? लेखकाने दोन तास स्वतःच्या तोंडाने सारे सांगितलेले असते. पुन्हा तेच वाचणे मला त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. अशी विश्वासाची एक्केचाळीस पुस्तके माझ्या कपाटात आहेत. राज्यक्रांतीवरचा तो जाडजूड ग्रंथही त्यांत आहे, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट.

काल, बाराव्या रात्री, मी गादीचा मोह टाळून खुर्चीत ताठ बसले आणि मुलाखत लावली. पलंगावरून नवऱ्याचा आवाज आला, ‘आज पुन्हा बॅस्टिल?’

‘तुला काय माहीत?’

‘मधला तो इयरफोन रोज माझ्या कानात असतो. तू सात कैद्यांवर झोपतेस, मी पुढे ऐकतो.’ मग उशीला टेकून त्याने मला सांगितले की ज्या दिवशी बॅस्टिल पडले, त्या दिवशी राजाने आपल्या रोजनिशीत एकच फ्रेंच शब्द लिहिला होता: ‘रियाँ’, म्हणजे ‘काही नाही’. लोक त्यावरून राजाला हसतात. पण ती मुख्यतः शिकारीची रोजनिशी होती आणि त्या दिवशी शिकार झाली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. मुलाखतकाराला हे माहीत असायला हवे होते, असेही त्याने जोडले. इतके बोलून त्याने उशाखालून तो जाडजूड ग्रंथ काढला. वेष्टन कधीच गेले होते आणि जवळजवळ अखेरच्या पानांत विजेच्या बिलाची खूण घातलेली होती.

‘राजाचे पुढे काय झाले?’ मी विचारले. बारा रात्रींनंतर तेवढा हक्क मला नक्कीच होता.

‘काही नाही,’ असे म्हणून त्याने दिवा मालवला.