टाउन हॉलचे खांब आणि मावशीचा फॉरवर्ड

हा मेसेज गेल्या महिन्यात तीन ग्रुपांवर येऊन गेला, मी सोडून दिला. परवा मावशीने तो भाच्याला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाठवला आणि त्याने तो वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलाही. मजकूर असा: मुंबईचं एशियाटिक ग्रंथालय इंग्रजांनी १८०४ साली पदरच्या पैशाने बांधलं, त्याचे खांब ग्रीसमधल्या देवळातून उखडून आणले आणि १९४७ पर्यंत तिथे भारतीयांना प्रवेशबंदी होती.

१८०४ हे ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या, स्थापनेचं साल. मुंबईतला तेव्हाचा न्यायाधीश जेम्स मॅकिंटॉश, त्याने ती काढली. ग्रंथालय ज्या इमारतीत आहे तो फोर्टमधला टाउन हॉल पुरा झाला १८३३ साली. पैसा? आधी लॉटरी काढली, ती पुरेना तेव्हा सरकारने भर घातली. खांबांची घडण डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक देवळांच्या धर्तीची, पण आले ते इंग्लंडहून जहाजाने. देऊळबिऊळ काही नाही.

खरा संताप तिसऱ्या दाव्याचा, प्रवेशबंदीचा. सुरुवातीची छत्तीस वर्षं एकही भारतीय सभासद नव्हता, आणि पारशी समाजसुधारक माणकजी करसेटजींना सभासद करून घेतानाही बरीच खळखळ झाली, हे कबूल. पण १८४० मध्ये ते आत आले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड उपाध्यक्ष झाले. शिलालेखांवरचे त्यांचे निबंध याच सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेले आहेत. आणि अध्यक्षांची यादी काढून बघा: १८९२, काशिनाथ त्र्यंबक तेलंग. हायकोर्टाचे न्यायमूर्ती, गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे. स्वातंत्र्याला अजून पंचावन्न वर्षं होती. म्हणजे ज्याला आत पाऊल ठेवायची बंदी, तो अध्यक्षाच्या खुर्चीत बसून सभा चालवत होता म्हणायचं!

सोपाऱ्याच्या (आजचं नालासोपारा) बौद्ध स्तूपातले अवशेष ठेवायचे करंडक पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली शोधले, ते इथेच आले. नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळाही याच इमारतीत आहे. इंग्रजांचा अपमान करायच्या नादात हा फॉरवर्ड यांनाच पुसून टाकतो.

मावशी म्हणाली, "अगं, पण खाली 'जागरूक नागरिक' असं लिहिलंय." मी भाच्याला तीस पायऱ्या चढवून आत नेलं. नानांचा पुतळा बघून त्याने वही काढली, पान टर्रकन फाडलं आणि विचारलं, "आता परत सगळं लिहायचं?"

प्रोजेक्ट सोमवारी द्यायचंय.