दाजी, हिशोब तेवढा बघा

मेहुण्यानं 'दाजी' म्हणताना शेवटचा 'जी' लांबवला, की समजावं, काहीतरी अंगावर येतंय. 2019चा गुढीपाडवा. श्रीखंड-पुरी हाणून मी आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात दीप्या 'दाजीऽऽ' करत आला आणि मला गच्चीवर घेऊन गेला. खिशातून जाड पेनासारखं काहीतरी काढलं, बटण दाबून ओढलं आणि पाण्याच्या टाकीआड एवढा मोठा ढग सोडला, की शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया आत नेल्या.

"इलेक्ट्रॉनिक सिगारेट. पुण्यात पोरं दोन-दोन हजाराला घेत्यात. सांगलीत म्हणावं असं दुकान नाही. भांडवल माझं, हिशोब तेवढा तुम्ही बघा."

'भांडवल माझं' म्हणजे सासऱ्यांचं, हे मला माहीत होतं. 'हिशोब तेवढा' म्हणजे काय, ते कळायला सप्टेंबर उजाडला.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. तोलाई, हमाली, अडत, सगळं बोटांवर. पण हळदीचं पोतं डोळ्यांपुढं असतं, हात घातला की हात पिवळा होतो. धुराची खतावणी मी कधी घातली नव्हती. तरी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडायला बसलो.

यंत्र 1,400ला घ्यायचं, 2,000ला विकायचं. आत एक बॅटरी, एक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, तिच्यात कापूस. कापूस द्रव शोषतो, तार तापते, द्रवाची वाफ होते. धूर म्हणतात, पण जळत काहीच नाही. द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, वास, निकोटीन आणि ओठ फुटले की आजी लावायची ते ग्लिसरीन. धंद्याची मेख अशी, की यंत्रावर पोट भरत नाही. यंत्र माणूस एकदाच घेतो. कॉइल मात्र दहा-पंधरा दिवसांत करपते आणि बाटली महिन्यात संपते. म्हणजे कंदील स्वस्तात द्यायचा आणि रॉकेल विकत बसायचं.

कॉइल 90ला घेऊन 200ला. बाटली 220ला घेऊन 450ला. एक नेमाचं गिऱ्हाईक महिन्याला दोन कॉइल आणि एक बाटली नेणार, म्हणजे सुटले 450 रुपये. गाळ्याचं भाडं 6,000, पोऱ्याचा पगार 7,000, वीज 1,000 आणि चहा 1,500 (चहाचा आकडा दीप्यानंच घातला, आणि तो कमी निघाला). एकूण 15,500. भागाकार केला. नुसतं बरोबरीत यायला 35 माणसं लागत होती. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, तुझ्या भावाचा धंदा चालायचा तर 35 माणसं व्यसनात पक्की टिकायला हवीत. ती म्हणाली, "त्याला धंद्याला लावा, गावाला कशाला लावताय?"

दीप्याचं गणित वेगळं. "सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती पाच लाख. एक टक्का धरा, जास्त नको. पाच हजार झाले. गुणिले 450." साडेबावीस लाख आले. महिन्याला! एक टक्का धरणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, कारण तो फार थोडं मागतो. वर त्याचं म्हणणं, कर्नाटकात 2016पासूनच बंदी आहे, म्हैसाळच्या पुढं गेलं की कागवाड, तिकडची गिऱ्हाईकं आपलीच. म्हटलं, "लेका, तिथं आलेली बंदी इथं येणार नाही कशावरून?"

"दाजी, तुम्ही आधीच शिंका."

बाजार चाचपावा म्हणून मी नमुन्याचं एक यंत्र यार्डात नेलं. आमचे तुकातात्या हमाल, चाळीस वर्षं तंबाखू. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, एक झुरका घेतला आणि ठसका लागून हळदीच्या पोत्यावर बसले. डोळे पुसत म्हणाले, "वास आंब्याचा येतोय. पण चुना कुठाय?" याला चार्जिंग लागतं म्हटल्यावर त्यांनी यंत्र परत माझ्या हातात ठेवलं. "हे चार्ज हुईस्तवर माझं मळून, खाऊन, थुकून हुतंय की." मी ते शर्टाच्या खिशात टाकलं. दुपारपर्यंत ते गळलं. पेढीवर हळद घ्यायला आलेले व्यापारी मला पाहून हापूसचा भाव विचारायला लागले.

मुंबईच्या होलसेलवाल्याकडून लाखाचा माल आला. 30 यंत्रं, 150 कॉइल, 200 बाटल्या, वर 500 रुपये वाहतूक. स्वाद निवडायची सोय नव्हती, त्याच्या मनाला येईल ते. 200पैकी 60 बाटल्या ब्ल्यूबेरी. सांगलीत ब्ल्यूबेरी कुणी बघितली होती? पहिल्याच गिऱ्हाइकानं बाटली उजेडात धरून विचारलं, "जांभूळच न्हवं हे?" दीप्या म्हणाला, तसंच असतंय. त्यानं बाटली खाली ठेवली. "मग जांभळाचंच द्या की."

आषाढी एकादशीला मारुती रोडच्या एका बोळात शटर वर गेलं. महिन्याभरात सात यंत्रं गेली. तीन उधारीवर, त्यातलं एक उसाचं बिल आल्यावर आणि दोन हळद निघाल्यावर, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत. दोन मित्रांना ओपनिंगचा डिस्काउंट. एक खुद्द दीप्याला, कारण मालकालाच माल माहीत नको का? रोखीनं एकच गेलं, कुपवाड एमआयडीसीतल्या एका साहेबांना. त्यांची आठवड्यात चाकणला बदली झाली. कॉइल अकरा खपल्या. त्यातल्या सहा दीप्याच्या.

मग ऑगस्टचा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर. त्या धांदलीत दीप्यानं आणि मी गुडघाभर पाण्यातून खोकी डोक्यावर घेऊन माझ्या घरी माळ्यावर पोचवली. बाटलीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. पाणी ओसरल्यावर नुकसानीचे पंचनामे सुरू झाले. बोळातल्या सगळ्या दुकानदारांचा माल भिजला होता. आमचा? ठणठणीत कोरडा. दीप्यानं अभिमानानं तसं सांगितलंसुद्धा. नुकसान काय लिहिलं, तर शटर आणि एक खुर्ची.

गणपती गेले 12 सप्टेंबरला. पुढं पितृपक्ष लागला, म्हणून दुकान घटस्थापनेला उघडू असं ठरलं. 18 तारखेला संध्याकाळी टीव्हीवर अर्थमंत्री निर्मला सीतारामन आल्या. मंत्रिमंडळानं वटहुकूम काढायचं ठरवलं होतं. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत किंवा 50 हजारांपर्यंत.

साठा! माझी नजर आपोआप माळ्याकडे गेली. बायकोची माझ्याकडे.

दीप्या अर्ध्या तासात आला. आला तो कॅल्क्युलेटर घेऊनच. "दाजी, घाबरू नका. उरलेला माल विक्रीच्या दरानं 1,55,250चा आहे. समजा पकडले, लाख भरले. तरी 55 हजार सुटतात."

"आणि वर्षभराची कैद?"

"त्यात जेवणखाण सरकारचं."

वटहुकुमात एक वाट ठेवली होती. ज्याच्याकडे साठा असेल त्यानं आपण होऊन यादी करावी आणि माल जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावा. यादी करायची म्हणजे हिशोब, आणि हिशोब तेवढा माझ्याकडे. सकाळी पेढीवर अर्धा दिवस रजा टाकली आणि त्याच खोक्यांना पुन्हा खांदा दिला. रिक्षावाला म्हणाला, "मिक्सर दुरुस्तीला काय?"

ठाण्यात एका हवालदारसाहेबांनी एकेक नग टेबलावर मांडायला लावला. यंत्र 23. कॉइल 139. बाटल्या 181. माझ्या खतावणीशी तंतोतंत जुळलं. एवढ्या महिन्यांत या धंद्यात जुळलेला हा एकच हिशोब, आणि तो पोलिसांनी तपासला. मग ते स्वादवार लिहायला बसले. आंबा, पुदिना, पान, भराभर झाले. निळ्या लेबलाच्या ढिगापाशी पेन थांबलं.

"हे काय?"

"ब्ल्यूबेरी," दीप्या म्हणाला.

"मराठीत सांगा. कागद मराठीत हाय."

दीप्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. साहेबांनी एक बाटली उघडून हुंगली, थोडा वेळ विचार केला आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'निळी बोरं, 60 नग.'

मी खाली सही केली.